आठही दिवे लागतात

बाबा,

मी पास झालो. मंगळवारी दुपारी, इथे मस्कतमध्ये, नेटवर्किंगच्या परीक्षेत. शाळेतल्या पत्रात वडिलांना तीर्थरूप आणि तुम्ही लिहायचं असतं, ते मला आठवतं. पण घरात मी तुला तूच म्हणायचो, आणि आता अकरा वर्षांनी तुम्ही म्हटलं तर हा कुणाशी बोलतोय म्हणून तू मागे वळून बघशील. म्हणून तूच लिहितो. तू गेलास तेव्हा 'नेटवर्क' म्हणजे मोबाइलवरच्या काड्या, एवढंच आपल्या घराला ठाऊक होतं. ही परीक्षा वेगळी. एका कॉम्प्युटरकडचा निरोप दुसऱ्याकडे कसा जातो, वाटेत कुठे वळतो, अडला तर कुठे जाऊन बघायचं, याची. तू खांबावर चढून आणि खड्ड्यात बसून करायचास तेच म्हण, फक्त खांब नाही आणि खड्डाही नाही.

परीक्षेची जागा म्हणजे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची थंड खोली. दारातल्या बाईने खिसे उलटे करायला लावले, बाह्या वर करायला लावल्या, मनगटातला देवाचा दोरा ओढून बघितला आणि राहू दे म्हणाली. कागद देत नाहीत. एक प्लास्टिकची पाटी आणि मार्कर देतात. दहावीची मार्कशीट काही कुणी मागितली नाही. पासपोर्टवर दहावी नसल्याचा शिक्का आहे तोही तिने वाचला असेल, पण पासपोर्ट मिटून परत दिला. दोन तास. एकदा उत्तर दाबून पुढे गेलं की मागे जाता येत नाही, चुकलं तर चुकलं. शेवटी कॉम्प्युटरने विचारलं, संपवू का, मी हो दाबलं, आणि बाहेर आलो तेव्हा त्या बाईच्या यंत्रातून माझा कागद निघत होता. तिने कागदावर बोट ठेवून दाखवलं आणि हसली. मीही हसलो. खाली येऊन एका टपरीवर चहा घेतला आणि वाट बघत बसलो. काहीतरी वाटेल असं वाटत होतं. दात काढताना डॉक्टर सुई देतो आणि मग आपणच आपला गाल चिमटून बघतो ना, तसं मी मनाला दोन-तीनदा चिमटून बघितलं. चहा संपला. मग आईला फोन लावला.

"पास झालंस?"

"झालो."

"मगे तोंड असा कित्याक? नापास झाल्यासारख्या."

"पास होवची सवय नाय गो."

ती हसली, मग रडली, मग पदराने मोबाइलची काच पुसली, म्हणजे मला थोडा वेळ नुसतं पातळच दिसत होतं. "पेढे वाटूक व्हये. पण शेजारी विचारतले, कसली परीक्षा? काय सांगू?" मी म्हटलं, सांग, बाबा करी होतो ताच काम. "तेका खंय कोणी परीक्षा घेतली?" ती म्हणाली. तेही खरंच.

नववीत मी दुसऱ्यांदा नापास झालो त्या दिवशी तू जेवलास, हात धुतलेस आणि म्हणालास, "उद्यापासून पिशवी तू घे." बस्स. चामड्याची ती पिशवी, पक्कड, कटर, टेस्ट करायचा फोन, रॉकेलची बाटली, फडकं. तू टेलिफोनच्या कंत्राटदाराकडे रोजंदारीवर, आणि मी तुझ्या मागे स्कूटरवर. पेडण्याहून कोरगाव, तुये, हरमल, आणि मोठं काम निघालं की थेट डिचोलीपर्यंत. मला ते बरं वाटायचं. वर्गात बाकावर बसलो की माझे पाय हलत राहायचे, स्कूटरवर हलले तरी कुणी ओरडत नव्हतं.

शिरगावच्या बाजूचा तो दिवस तुला आठवत असेल. रस्ता खोदणाऱ्या मशीनने पन्नास जोड्यांची केबल मधोमध तोडली होती आणि खाणीच्या ऑफिसासकट अर्धा बाजार मुका झाला होता. आपण खड्ड्यात पाय सोडून समोरासमोर बसलोय. वरून ट्रकांची रांग चाललीय आणि तांबडी धूळ अशी उडतेय की तारांना रंगच उरला नाही, सगळ्या एकजात तांबड्या. तू प्रत्येक तार रॉकेलच्या फडक्याने पुसतोस, डोळ्याजवळ नेतोस, मग पीळ देतोस. मी तीन पुसतो आणि चौथी न पुसताच जोडतो. दुपारपर्यंत काम उरकलं म्हणून मी खूश. आपण गाड्यावर भाजी आणि गोल पावाचे उंडे खाल्ले, तू मला तुझ्यातला एक उंडो जास्त दिलास.

दुसऱ्या दिवशी कळलं. खाणीच्या ऑफिसचा फोन एका नारळाच्या व्यापाऱ्याकडे वाजत होता आणि व्यापाऱ्याचा ऑफिसात. मोठ्या साहेबाने कसलातरी हिशोब विचारायला फोन केला तर तिकडून, "सोललेले व्हये काय न सोललेले?" आणि साहेबाच्या टेबलावर सकाळपासून लग्नाच्या नारळांच्या ऑर्डरी. केशरी आणि तपकिरी, धुळीत मला एकच दिसले होते. तू आधी पोट धरून हसलास. मग मी हसायला लागलो तसा तू थांबलास.

"हसा नको. तुझो हात डोळ्यांच्या फुडे धावता. तार म्हणजे भाजयेची जुडी न्हय, हाती लागली ती बांधली."

मारलं असतंस तर मी विसरलो असतो. तू पूर्ण जोड उघडलास, पन्नासच्या पन्नास, आणि मला नुसतं बघायला बसवलंस. त्यानंतर महिनाभर रोज, आई भाकऱ्या थापत असायची तेव्हा, तू जनेलाकडच्या कदेलीवर, बाहेरचा वारा येईल अशी ती खुर्ची ओढून बसून, माझ्याकडून रंग म्हणून घ्यायचास. पांढऱ्याबरोबर निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मग तांबड्याबरोबर तेच पाच. मग काळ्याबरोबर, मग पिवळ्याबरोबर. मधूनच तू विचारायचास, सतरावी? आणि मी न थांबता सांगायला लागलो तेव्हाच तू सोडलंस. आई चुलीकडून म्हणायची, "रामरक्षा कधी पाठ केलंस नाय, ह्या बरा पाठ करतंस." महिना झाला त्या दिवशी तू तुझा कटर मला दिलास, मुठीला काळी टेप गुंडाळलेला. म्हणालास, हा तुझो. तू दुसरा घेतलास तो कधीच नीट चालला नाही, हे मला माहीत होतं.

मग तू दीडच वर्ष होतास. छातीत दुखायला लागलं तेव्हा तू पेडण्याच्या बाजारात होतास, म्हापशाला नेईपर्यंत संपलं. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. लिहिण्यासारखं आहे, पण मी तिथवर गेलो की तिथे काही नसतं. लोक रडत होते आणि मी अंगणातल्या चपला जोडीने लावत होतो, एवढं आठवतं.

घराघरातले फोन तेव्हाच बंद होत चालले होते, त्यामुळे तुझी पिशवी घेऊन जायला जागाच नव्हती. मी तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो, चार महिने. मग मुरगावला बंदरावर एका ठेकेदाराकडे. मग किनाऱ्यावर हॉटेलांतले कॅमेरे बसवायला. मग पाव पोचवायची गाडी, मग असंच आणखी काय काय. कुठे भांडण नाही, कुणी काढलं नाही. सहा महिने झाले की माझे पाय हलायला लागायचे. आई म्हणायची, तुझ्या पायाक भोवरो आसा. शेवटी एका ओळखीच्याने मस्कतचं सांगितलं, वायरी ओढायचं काम, शिक्षण नको. आता मोपाला विमानतळ झालाय, आपण सड्यावर गुरं चरताना बघायचो ना, तिथेच. मी पहिल्यांदाच विमानात बसणार होतो, काय चालत नाही ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे कटर हातातल्या बॅगेत ठेवला होता. तपासणीतल्या मुलाने तो काढला आणि म्हणाला, ये नहीं जाएगा. मी त्याला सांगू शकलो असतो की हा कुणाचा आहे. परत जाऊन मोठ्या बॅगेत टाकता येतो का, हे विचारू शकलो असतो. मागे रांग होती. त्याने तो एका डब्यात टाकला, आणि मी बूट घालून पुढे गेलो. तुला आधी सांगायला हवं होतं, ते आता सांगितलं.

इथे पहिले सहा महिने मी नुसत्या वायरी ओढल्या. छतावरून, भिंतीतून. आमचा सुपरवायझर केरळचा, वयाने मोठा, सगळे त्याला चेट्टा, म्हणजे दादा, म्हणतात. एकदा टोकं बसवणारा मुलगा आजारी पडला आणि चेट्टाने विचारलं, कुणाला येतं? मी हात वर केला. एका नव्या ऑफिसच्या अठ्ठेचाळीस वायरी, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे शहाण्णव. प्रत्येक वायरीत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. रंग बघितले आणि मला बरं वाटलं. पांढरा-निळा, पांढरा-केशरी, पांढरा-हिरवा, पांढरा-तपकिरी. तुझेच. राखाडी तेवढा नव्हता. मी कुणाला काही विचारलं नाही. तू शिकवलेल्या रांगेत एकेक टोक बसवत गेलो, पुसून, डोळ्याजवळ नेऊन, जराही घाई न करता. दोन दिवस. मग टेस्टर लावला. ती एक डबी असते, वायरीच्या दोन्ही टोकांना लावली की एक ते आठ दिवे एकामागून एक लागतात. अठ्ठेचाळीस वायरी, आणि प्रत्येकीला आठही दिवे लागले.

ऑफिस सुरू झालं तसं काहीच धड चालेना. काही कॉम्प्युटर जोडले जायचे आणि सुटायचे, कॅमेऱ्यातली माणसं चालता चालता गोठायची. इंजिनियर मशीनला दोष देत होता, मशीन बदललं. मग दुसरं बदललं. दोन दिवस कुणी वायरीकडे बघितलंच नाही, कारण दिवे लागत होते. तिसऱ्या दिवशी चेट्टाने एक टोक कापलं, उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग मला बोलावलं.

"ये किधर से सीखा रे?"

"घर में."

"बाप टेलिफोन में था क्या तेरा?"

मी विचारलं, "आपको कैसे पता?"

"दिख रहा है ना. पूरा टेलिफोन लगा दिया तूने इधर."

बाबा, इथे रांग वेगळी असते. केशरी आधी येतो, आणि हिरव्याची जोडी फोडून तिच्या मध्ये निळी बसवतात. टेलिफोनवाल्याला ते बघवणार नाही, पण तसंच असतं. दोन्हीकडे एकच रांग लावली म्हणून माझ्या तारा टोकाला टोक बरोबर मिळत होत्या, म्हणून दिवे लागत होते. पण बोलणं एकमेकींना वळलेल्या दोन तारांमधूनच जायला लागतं, आणि माझ्या टोकात तिसरी तार एका जोडीतली, तिची सोबतीण म्हणून सहावी दुसऱ्याच जोडीतली. हातभर वायरीत ते खपून जातं. साठ मीटरच्या वायरीत एकाच्या आवाजात दुसऱ्याचा आवाज घुसतो. मला वाटलं आता परत पाठवणार. चेट्टाने आणखी चार-पाच टोकं कापून बघितली.

"छियानवे में छियानवे गलत," तो म्हणाला, "एक भी अलग नहीं. इतना सीधा गलत मैंने पहले नहीं देखा. सब काट. और काम के बाद मेरे पास आ, तू पढ़ेगा."

मी एका दिवसात शहाण्णव टोकं कापली. ती फरशीवर पडत होती आणि मी मोजत होतो. तुझी रांग कापतोय असं तेव्हा वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय का बघितलं, तर आताही नाही.

पढ़ेगा म्हणाला तसा मी पढ़लो. आठ महिने. इंग्रजी पहिल्यांदा एकेक अक्षर लावून वाचायचो, चेट्टा हसायचा आणि सांगायचा. एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा अशी आकड्यांची एक रांग असते, ती मी तू रंग म्हणवून घेतलेस तशी म्हणत बसायचो, खोलीतले दोघे बिहारी म्हणायचे याला भूत लागलं. आणि मजा म्हणजे आठ महिने माझे पाय हलले नाहीत. परीक्षेत एक प्रश्न आला. एका जागी चुकीचे निरोप मोजणारा आकडा वाढत चाललाय, कारण काय? खाली चार उत्तरं. मी उत्तरं वाचण्याआधीच वायर म्हटलं. दुसरं उत्तर वायर होतं. तिथे मी जरा थांबलो. म्हटलं, आता काहीतरी येईल, इथे तरी येईल. घड्याळ उलटं पळत होतं. मी पुढचं बटण दाबलं.

आता पुढची कुठली, असा प्रश्न आहे. खरं तर त्याच्यासाठी कागद घेतला होता. कंपनी म्हणते सिक्युरिटीची दे. म्हणजे निरोप चोरीला जाऊ नयेत, त्याची. ती झाली की वायरी ओढणं बंद, थंड खोलीत खुर्ची, पण त्याआधी तीन वर्षांच्या कराराच्या कागदावर सही करायची. दुसरीकडे मावशीचा मुलगा. तो आता पेडण्यात घराघरात इंटरनेटची लाईन देतो, काचेच्या तारेची, फायबर. तिचीही परीक्षा असते, लहानशी, तीन महिन्यांत होते. ती देऊन ये म्हणतो, धंदा दोघांचा. परवा फोनवर म्हणाला, "अरे येड्या, तुझ्या बापाशीन उभे केल्ले खांब अजून आसत. त्यांच्यावरसूनच तार नेतंव आमी. तू येवचंस नाय तर कोण येतलो?" मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "बघतंस काय? हयसर काय सिनेमा आसा?"

म्हणजे एक परीक्षा इथे राहायची आणि एक घरी यायची. आईला मी दोन्ही सांगितल्या. ती सरळ काही बोलत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या मनाक येयत तसा कर, असं म्हणाली, आणि लगेच पुढे, की सोमवारी देवाक प्रसाद लावतंय. तू पर्मनंट होशील का म्हणून तिने दोनदा असाच, देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे फुलाच्या पाकळ्या लावून, कौल विचारला होता. दोन्ही वेळा उजवी पाकळी आधी पडली होती, म्हणजे होय. तरी तिचा विश्वास आहे. म्हणते, देवान होय म्हटल्यान, ऑफिसान नाय म्हटल्यान, त्यात देवाचो काय दोष?

"विचारू काय? परीक्षेचा नाव सांग," ती म्हणाली.

सांगितलं.

"ता माझ्या तोंडात बसाचा नाय. गुरवाच्या तर बापजन्मात येवचा नाय. मी आपला विचारतंय, हयसर काय थयसर. उजवी पडली तर हयसर."

"असा कसा? देवाक परीक्षा कळूक व्हयी मा."

"देवाक कळता रे. तुकाच कळणा नाय."

मी हसलो. यावेळी खरंच हसू आलं, पण ते तोंडापुरतंच होतं, खाली उतरलं नाही. तिच्या मागे चूल दिसत होती, आणि ती आता एकटीसाठी दोनच भाकऱ्या थापते. गुडघे दुखतात म्हणून उभ्याने थापते, ओट्यावर. तू असतास तर काय म्हणाला असतास, असं मी स्वतःला विचारून बघितलं. तू दोन्ही तारा हातात धरून बघितल्या असत्यास, एवढंच येतं. पुढचं तुझं बोलणं मला ऐकू येत नाही. बनवून लिहिता येईल, पण ते तुझं नसेल.

आज शुक्रवार, सुट्टी. खोलीतले दोघे क्रिकेटला गेलेत, दुपारचे तीन वाजलेत, एसीचं पाणी बादलीत पडतंय. हा कागद कुठे टाकायचा नाही, गादीखाली राहील आणि खोली बदलताना हरवेल. तेव्हा यात खोटं लिहून उपयोग नाही. पुढची कुठली असा प्रश्न आहे, असं वर लिहिलं. तो प्रश्न नाहीये. सिक्युरिटीची तारीख मी बुधवारीच घेतली, पास झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन वर्षांच्या कागदावर सहीही केली. खुर्ची मिळेल म्हणून नाही, घर नको म्हणूनही नाही. पुढे परीक्षा नसली तर कामावरून आल्यावर मी काय करायचं, ते मला सुचेना. आईला मात्र, अजून विचार करतोय, असंच सांगितलंय. ती सोमवारी उपास धरून देवळात जाणार आहे, पहिल्या बसने. निदान उपास तरी धरू नको, एवढंही मी म्हणालो नाही.